वडिलांचीं पिंपें

गेल्या उन्हाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीच्या सभेस आम्ही हजर होतों. सभेपुढील प्रश्न दिसावयास लहान होता. प्रभुभोजनाच्या वेळीं सर्वांनीं एकाच प्याल्यांतून प्यावें, कीं प्रत्येकास निराळा लहान पेला द्यावा? तरुणांचें म्हणणें असें कीं, एका कांठास शंभर ओठ लागणें आरोग्यास बरें नव्हे, आणि २०२० सालच्या साथीनंतर तरी हें कोणास समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तेव्हां एक वृद्ध गृहस्थ काठीवर भार देऊन उठले व म्हणाले, "आमच्या आज्याच्या वेळेपासून हा एकच प्याला चालत आला आहे. वडिलांची रीत मोडणारे तुम्ही कोण?" मागल्या रांगेंतून एका मुलानें, आवाज न चढवितां, उत्तर दिलें, "आजोबा, तुमच्या आज्यानें आपल्या बापाची रीत मोडली नसती, तर आज आपण येथें बसलों असतों काय?" सभा हंसली. वृद्ध गृहस्थ हंसले नाहींत, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही हंसूं आलें नाहीं.

मुलाचें उत्तर चोख होतें, परंतु त्यानें प्रश्न मिटला नाहीं. उलट तो अधिक खोल गेला. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक घराण्यांच्या मुळाशीं अशी एक मोडलेली रीत आहे. ज्या दिवशीं आपल्या पूर्वजांनीं नवा मार्ग धरिला, त्या दिवशीं त्यांच्या आईबापांच्या ओसरीवर रडारड झाली, कोणास वाळीत टाकिलें, कोणाचा जमिनीवरील हक्क गेला. आतां त्यांचींच नातवंडें व पतवंडें "वडिलांची रीत" हे शब्द उच्चारूं लागलीं आहेत. ज्यांनीं बापाचें ऐकलें नाहीं, त्यांच्या मुलांनीं मात्र बापाचें ऐकावें, हें कोणत्या न्यायानें? आणि कोणाचेंच कोणी ऐकावयाचें नसेल, तर आज आपण जें मुलांच्या हातीं देत आहों, तें त्यांनीं जपावें अशी आशा तरी कां धरावी?

ह्या गोष्टीचा विचार करीत असतां आमच्या मनांत स्पेन देशांतील एका द्राक्षमळेवाल्या घराण्याचें उदाहरण वारंवार येऊं लागलें. तें घराणें तांबडा द्राक्षारस करून विकतें. वाचक म्हणतील, दारूनें आपल्या गांवांतील किती चुली विझविल्या हें ठाऊक असतां अशा घराची कथा ह्या पत्रांत कशाला? त्यांची शंका रास्त आहे. आम्ही त्या रसाची शिफारस करीत नाहीं, आणि त्याची चवही आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु वडिलांची रीत कशी जपावी, हा प्रश्न त्या घरीं इतका उघडा पडला आहे कीं, दुसरें इतकें स्पष्ट उदाहरण आम्हांस सांपडलें नाहीं.

स्पेनच्या उत्तरेस एब्रो नांवाची नदी वाहते. तिच्या कांठीं रिओखा प्रांतांत आरो नांवाचें गांव आहे. १८६३ सालीं तेथें आगगाडी आली, आणि स्टेशनाच्या आसपास द्राक्षारसाचीं कोठारें उभीं राहिलीं. त्यांपैकीं एक १८७७ सालीं राफाएल लोपेस दे एरेदिया ह्या गृहस्थानें स्थापिलें. पुढें १९१३ व १९१४ सालीं त्यानें नदीच्या एका मोठ्या वळणावर शंभर हेक्टरांहून अधिक जमिनींत मळा लाविला. त्याचें नांव तोंदोनिया. आज त्याचीं पणतवंडें तो व्यवहार पाहतात. मधल्या काळांत राज्यें बदललीं, १९३६ ते १९३९ पर्यंत त्या देशांत यादवी युद्ध झालें. पण घर विकलें गेलें नाहीं.

त्या घराची ख्याति पिंपांमुळें आहे. खडकांत खोदलेल्या थंड तळघरांत ओक नांवाच्या कठीण लांकडाचीं बारा हजारांहून अधिक पिंपें ओळीनें रचलेलीं आहेत. एकेकांत २२५ लिटर रस मावतो. हें लांकूड अमेरिकेंतील आपलाचियन डोंगरांतून आणितात, अंगणांत उन्हापावसांत वाळत टाकितात, आणि मग घरचेच कारागीर त्याचीं पिंपें बांधितात. बाहेरून तयार पिंपें घेणें सोपें असतां त्यांनीं हा कारखाना बंद केला नाहीं. फळीस फळी जोडण्यास सरस नाहीं कीं खिळा नाहीं. फळ्या विस्तवावर शेकून वांकवावयाच्या आणि, आपल्याकडे गाडीच्या चाकावर धाव चढवितात तशा, लोखंडी पट्ट्यांनीं आवळावयाच्या. फळी तसूभर चुकली तर पिंप गळतें. म्हणून कारागिराचा हात तयार होण्यास वर्षें लागतात.

लांकडाचें काम दुहेरी आहे. तें आपला गंध व थोडा तुरटपणा रसास देतें. आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वारा अति मंदपणें आंत शिरून रसाचा उग्रपणा निवळवितो. काच किंवा पोलाद असा श्वास घेऊं देत नाहीं. पिंप नवें असलें म्हणजे लांकडाचीच चव पुढें येते. जुनें होत गेलें म्हणजे ती मागें पडते व श्वास तेवढा राहतो. ह्या घरचीं बहुतेक पिंपें जुनीं, पुनःपुन्हां दुरुस्त केलेलीं आहेत. वर्षांतून दोन वेळां प्रत्येक पिंपांतील रस हातानें दुसऱ्यांत ओततात, म्हणजे गाळ मागें राहतो. आणि तो अधिक निवळावा म्हणून अंड्यांचा पांढरा बलक घालितात. ह्या सर्व काळांत थोडा थोडा रस लांकडांतून उडून जातच असतो, आणि ती तूट भरावी लागते.

आतां कालावधि पाहा. त्या प्रांताचा नियम असा कीं, 'ग्रान रेसेर्वा' ह्या सर्वांत वरच्या प्रतीच्या तांबड्या रसानें एकंदर पांच वर्षें थांबलें पाहिजे, त्यांत निदान दोन पिंपांत. ह्या घरीं त्याहून खालच्या प्रतीचाच तोंदोनियाचा रस सहा वर्षें पिंपांत राहतो. वरच्या प्रतीचा सुमारें दहा, आणि त्यानंतर बाटलींत आणखी कित्येक वर्षें. भाव वाढेल म्हणून चाळींत चार महिने कांदा ठेवितांना ज्या शेतकऱ्याचा जीव खालींवर होतो, त्यानें ह्या गोष्टीचा थोडा विचार करावा. बाप जें पिंपांत भरतो, त्याचा पैसा पुष्कळदां मुलाच्या हातीं पडतो. आणि मुलगा जें विकून खातो, तें बापाच्या धीराचें फळ असतें.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत बाजाराची आवड बदलली. लोकांस गडद, ताज्या फळासारखा, नव्या लांकडाच्या गंधाचा रस हवासा झाला. त्या प्रांतांतील अनेक कोठारांत पोलादी टाक्या आल्या, फ्रान्समधून नवीं पिंपें आलीं, आणि रस लवकर बाहेर पडूं लागला. ह्या घरास लोक जुनाट म्हणूं लागले. घरानें आपली रीत बदलली नाहीं. पुढें बाजार पुन्हां वळला, आणि आज त्याच जुनाटपणासाठीं लोक दूरदूरून तेथें येतात.

वाचकांस वाटेल, झालें, आजोबांचा पक्ष सिद्ध झाला. आम्हांस तसें वाटत नाहीं. बाजारानें पाठ थोपटली म्हणजे रीत चांगली ठरत नाहीं, आणि बाजार न वळता, घर बुडालें असतें, तर ती वाईटही ठरली नसती. शिवाय एखादा व्यापारी म्हणेल, ह्यांत सद्गुण कसला? जुनेपणा हाच त्यांचा माल आहे. तो ते जपणार नाहींत तर काय करतील? ह्या बोलण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. पण दुसऱ्यांनीं पाठ फिरविली तेव्हांही त्यांनीं तोच माल धरून ठेविला, एवढें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

आमचा अडखळा निराळाच आहे. जी रीत हीं पणतवंडें इतक्या निष्ठेनें पाळितात, ती मुळांत त्यांच्या वाडवडिलांची नव्हतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस, आरोजवळच्या लाबास्तिदा गांवचा मानुएल किंतानो नांवाचा एक धर्मगुरु फ्रान्समधील बोर्दो शहरीं गेला, तेथें पिंपांत रस मुरविण्याची विद्या शिकला, आणि ती त्यानें आपल्या मुलखांत करून दाखविली. रस चांगला झाला, टिकाऊ झाला. परंतु शेजाऱ्यांस हें रुचलें नाहीं. त्याचा रस इतरांच्याच भावानें विकला गेला पाहिजे, असें ठरविण्यांत आलें. पिंपांचा खर्च अधिक, भाव मात्र तोच, प्रयोग बुडाला. ज्यांनीं तो बुडविला, त्यांच्या तोंडींही वडिलांची रीत हेच शब्द असतील, असें मानण्यास हरकत नाहीं. पुढें १८५० नंतर लुसियानो मुर्रिएता ह्या गृहस्थानें तीच विद्या पुन्हां बोर्दोहून आणिली. मग फ्रान्सच्या मळ्यांवर कीड आली, तेथील व्यापारी रसाच्या शोधांत पर्वत ओलांडून रिओखांत उतरले, आणि पिंपांचा प्रघात पडला. म्हणजे १८७७ सालीं राफाएलनें कोठार घातलें, तेव्हां तो परदेशांतून आलेली एक नवी रीत उचलीत होता. पणजोबांचें नवें तेंच पणतवंडांचें जुनें झालें.

ह्याहूनही मोठी गोष्ट जमिनीखालीं दडलेली आहे. फ्रान्समध्यें आलेली ती कीड, फिलॉक्सेरा, ही एक अति बारीक मावा-जातीची कीड. ती मूळची उत्तर अमेरिकेंतली. ती वेलाच्या मुळांवर जगते. अमेरिकेंतील रानटी द्राक्षवेलींस तिची संवय असल्यामुळें त्या मरत नाहींत. युरोपांतील वेली मरतात. १८६० नंतर तिनें फ्रान्सचे मळे उजाड केले, आणि १८९९ सालीं ती रिओखांत पोंचली. औषधें हरलीं. शेवटीं एकच उपाय लागू पडला: मूळ अमेरिकन वेलीचें, आणि वरचें अंग आपल्या वेलीचें. नाशिक-सांगलीकडील बागाइतदारांस हें फोड करून सांगणें नको. कीड नव्हे पण पाण्याचा ताण व क्षार यांस तोंड देण्यासाठीं त्यांच्याही बागांत डॉगरिज नांवाच्या अमेरिकन खुंटावर कलमें बांधलेलीं आहेत. रिओखाचे मळे असे नव्यानें उठले, आणि तोंदोनियाची लागवड ह्या अनर्थानंतरची आहे. जें घर पिंपाची एक फळी बदलण्यापूर्वीं दहादां विचार करितें, त्याच्या प्रांतानें मुळेंच बदललीं! वर टेम्प्रानिल्यो, गार्नाचो हीं जुनींच द्राक्षें लागतात, म्हणून पाहणारास तें कळत नाहीं.

येथें आम्हांस यिर्मयाच्या ग्रंथांतील रेखाब्यांची आठवण होते. वाचकांस ती कथा ठाऊक आहे. संदेष्ट्यानें त्यांच्यापुढें द्राक्षारसानें भरलेलीं भांडीं ठेविलीं. त्यांनीं तोंड लाविलें नाहीं. कारण आमचा पूर्वज योनादाब यानें आम्हांस मना केलें आहे, असें त्यांनीं सांगितलें. ह्या आज्ञाधारकपणाबद्दल त्यांची वाखाणणी झाली. एक घराणें पूर्वजाच्या शब्दासाठीं द्राक्षारस करितें, दुसरें पूर्वजाच्या शब्दासाठीं त्यास शिवत नाहीं! पण त्याच अध्यायांत आणखी एक गोष्ट आहे, आणि आम्हीं स्वतः ह्या भागावर अनेकदां उपदेश करूनही ती वगळीत आलों, हें कबूल केलें पाहिजे. योनादाबानें केवळ रस वर्ज्य केला नव्हता. घरें बांधूं नका, पेरूं नका, तंबूंत राहा, असेंही सांगितलें होतें. आणि रेखाबी तर तेव्हां यरुशलेम शहरांत राहत होते! खास्द्यांचें सैन्य देशावर चालून आलें म्हणून जीव वांचविण्यासाठीं आम्ही येथें आलों, असें ते स्वतःच सांगतात. म्हणजे त्यांनीं रसाची आज्ञा धरली आणि संकटांत उघड्या रानांतला तंबू सोडला.

कोणती आज्ञा धरावी व कोणती सोडावी, हें त्यांस योनादाब सांगावयास आला नव्हता. पिंप ठेवा आणि मूळ बदला, असें रिओखाच्या शेतकऱ्यांस त्यांच्या मेलेल्या बापांनीं सांगितलें नव्हतें. मेलेला बाप रीत ठेवून जातो; तिच्यांतील कोणता भाग खांब व कोणता भाग नुसता गिलावा, ह्याची यादी तो ठेवून जात नाहीं. ती निवड जिवंत माणसासच करावी लागते. तेव्हां "वडील करीत होते" हें उत्तर पुरें नाहीं. जो रीत पाळितो तोही निवडच करीत असतो, आणि तिचा जाब त्यासच द्यावा लागेल, कबरेंतील बापास नव्हे. वृद्ध गृहस्थांस आम्हांला हें सांगावयाचें होतें, परंतु सभेंत तें आदरानें कसें बोलावें हें सुचलें नाहीं.

त्या मुलासही सांगावयाचें आहे. त्याच्या पणज्यानें रीत मोडली, हें खरें. पण मोडण्याची हौस म्हणून नव्हे. त्यास कांहीं सांपडलें होतें, ज्यापुढें जमीन व भाऊबंद हलके वाटले, आणि त्यानें किंमत मोजली. नातवानें फुकट मोडावें आणि पणज्याचें नांव सांगावें, हें बरोबर नाहीं. कलम करणारा माळीही खुंट व डोळा दोन्ही एकाच वेळीं फेंकून देत नाहीं.

आरोच्या तळघरांत जागोजाग कोळ्यांचीं जाळीं लोंबतात. नवखा मनुष्य तीं पाहून आळसाचा संशय घेतो. घरचे लोक सांगतात कीं, बाटल्यांचीं बुचें पोखरणारा एक पतंग आहे, त्यास हे कोळी खातात. म्हणून जाळीं झाडीत नाहींत. विचारल्यावांचून झाडू मारणारास स्वच्छता मिळेल आणि बुचें जातील. तरी प्रत्येक जाळ्यांत कोळी असतोच असें नाहीं. कांहीं धूळ ही केवळ धूळच असते, आणि ती पुसावयासच हवी. हेंच घराणें धुळीची पूजा करणारें नाहीं. १९१० च्या ब्रुसेल्स येथील प्रदर्शनासाठीं केलेली एक लांकडी दुकानाची मांडणी त्यांच्या अडगळींत सांपडली, तेव्हां ती नीट करून तिच्याभोंवतीं झाहा हदीद ह्या विख्यात स्थापत्यकर्त्रीकडून अगदीं नव्या धर्तीची इमारत त्यांनीं बांधून घेतली. ती २००६ सालीं खुली झाली. आमच्या डोळ्यांस ती फारच नवी वाटली असती, पण तो आमच्या डोळ्यांचा दोष.

कोळी आहे कीं नाहीं, हें सांगणारा कोणीच उरला नाहीं तर काय करावें? हा प्रश्न खरोखर कठीण आहे, आणि आमचें मत आम्ही भीतभीतच देतों. जी रीत कोणास अपाय करीत नाहीं, ती कारण न कळतांही आणखी एक पिढी ठेवावी व शोध चालू ठेवावा. कारण मोडलेली रीत परत आणणें फार दुर्घट. पिंपें बांधणारा हात एकदां घरांतून गेला कीं गेला. परंतु जिचा अपाय होत आहे, तिला मुदत देतां येत नाहीं. मुळांवरच्या किडीनें कोणास मुदत दिली नाहीं. म्हणून रोगाची भीति खरी असेल तेथवर आमचा कल लहान पेल्यांकडे आहे, हें आम्ही लपवीत नाहीं.

तथापि त्या एका प्याल्यांत कोळी नाहीं, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या काळीं तो त्या गांवीं आला, त्या काळीं निरनिराळ्या जातींचीं माणसें एका पाणवठ्यावर पाणी भरूं शकत नव्हतीं. एकाच्या लोट्यास दुसऱ्याचा हात लागला तर तो लोटा विस्तवांत घालून शुद्ध करीत. अशा गांवीं सर्वांच्या ओठांस एकच कांठ लावणें, हें एक बोलणें होतें, आणि तें उपदेशकाच्या बोलण्याहून मोठ्यानें ऐकूं गेलें असेल. पेले निराळे झाले तर तें बोलणें कोणत्या दुसऱ्या रीतीनें बोलावयाचें? गांवांतून तो विटाळ पार नाहींसा झाला आहे, असें ज्यास वाटत असेल, त्यानें एक दिवस तेथें राहून पाहावें. सभेंत ही गोष्ट कोणीच काढली नाहीं; आजोबांनींही नाहीं. त्यांनीं वडिलांचें नांव सांगितलें, वडिलांचें कारण सांगितलें नाहीं. कदाचित् त्यांस तें माहीतही नसेल, आणि आमची ही नुसती अटकळच असेल.

सभा सुगीनंतर पुन्हां भरावयाची आहे. मध्यंतरीं वृद्ध गृहस्थांचा निरोप आला कीं, तो प्याला प्रथम फिरला त्या दिवशींची हकीकत आपल्या आईच्या तोंडून ऐकलेली एक म्हातारी शेजारच्या गांवीं हयात आहे. तिला चालवत नाहीं, पण स्मरण शाबूत आहे. तिला आणण्यासाठीं गाडी घेऊन कोण जाईल, असें विचारतां तो मागल्या रांगेंतील मुलगा तयार झाला आहे. आम्हीही त्याच्याबरोबर जाणार आहों.